दंडाज्ञेपासून मुक्ती (ख्रिस्ती धर्म)

जो ख्रिस्ताशी जोडला गेला त्याच्यावर देवाच्या न्यायासनापुढे शिक्षेचा निकाल उरत नाही, ही बायबलच्या नव्या करारातील शिकवण आणि त्या भरवशावर रोजचे जगणे. तिचा मुख्य आधार रोमकरांस पत्रातील ८:१ (आठवा अध्याय, पहिले वचन) हे वचन : ‘म्हणून ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच.’ प्रेषित पौलाने इ. स. ५७ च्या सुमारास करिंथहून हे पत्र रोमच्या मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, पाठवले.

मूळ ग्रीक शब्द ‘काताक्रिमा’ कोर्टातला आहे. त्याचा अर्थ आरोप किंवा मनाची टोचणी असा नव्हे, तर दोषी ठरवून सुनावलेली शिक्षा. नव्या करारात तो तीनदाच येतो आणि तिन्ही वेळा याच पत्रात (५:१६, ५:१८, ८:१). ग्रीक वाक्य नकारानेच सुरू होते. मराठी भाषांतराने तो जोर ‘नाहीच’मधल्या ‘च’वर सुंदर पेलला आहे.

वचनाची जागा पाहिल्याशिवाय त्याचे बळ कळत नाही. आधीच्या अध्यायात पौल कळवळून सांगतो, की जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि नको तेच घडते. ‘किती मी कष्टी माणूस!’ या उद्गारानंतर काही ओळींतच ‘दंडाज्ञा नाहीच’ येते. म्हणजे हा दिलासा लढाई जिंकलेल्याला दिलेले बक्षीस नाही. तो अजून धडपडणाऱ्यासाठी आहे. पाप क्षुल्लक मानून सोडून दिले, असाही त्याचा अर्थ नाही. ८:३ नुसार पापाला दंडाज्ञा झालीच, पण ती ख्रिस्ताच्या देहात.

१६११ च्या इंग्रजी भाषांतरात या वचनाला ‘जे देहाप्रमाणे नव्हे तर आत्म्याप्रमाणे चालतात’ असे शेपूट आहे. सर्वात जुन्या हस्तलिखितांत ते नाही. ते चौथ्या वचनातून वर आले असावे. फरक मोठा आहे. पहिल्या वचनात ते शब्द अट वाटतात, चौथ्यात ते मुक्तीचे फळ ठरतात.

व्यवहारात विश्वासणाऱ्यांना अडते ते एका ठिकाणी : चूक झाली की आतून येणारा आवाज कोणाचा? पवित्र आत्मा पापाची खातरी पटवतो, तो नेमक्या कृत्याकडे बोट दाखवून कबुलीकडे नेतो. दोषारोप मात्र माणसालाच टाकाऊ ठरवतो आणि देवापासून लपायला लावतो. योहानाच्या पहिल्या पत्रात (३:२०) आपले मनच आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, असे म्हटले आहे. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील ‘शिक्षा’ हा शब्द मराठी वाचकाला येथे घोटाळ्यात टाकतो. ती बापाने मुलाला लावलेली शिस्त आहे, अर्थाने ‘शिक्षणा’च्या जवळची, न्यायाधीशाचा दंड नव्हे.

ही मुक्ती माणसाला कशी मिळते, यावरून सोळाव्या शतकात पाश्चात्त्य चर्च दुभंगले. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने केवळ विश्वासावर भर दिला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये कृपेसोबत माणसाचा सहकार आणि अंतःकरणाचे नूतनीकरण यांवर. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरच्या परंपरेतील चर्चचा जागतिक महासंघ व कॅथलिक चर्च यांनी मूलभूत एकमताच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याआधी, २४ मे १७३८ रोजी, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना ऐकताना इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लीला आपली पापे दूर झाल्याची खात्री वाटली होती.

महाराष्ट्रात या शिकवणीला घराचे रूप मिळाले ते पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) हातून. इंग्लंडमध्ये फुलम येथे समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती जोगिणी (नन) मायेने सांभाळताना त्यांनी पाहिले आणि कारण विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू व शोमरोनी (यहुद्यांनी हलक्या लेखलेल्या समाजातील) स्त्री यांची कथा (योहान ४) ऐकायला मिळाली. पुढे केडगावच्या मुक्तिसदन या आपल्या आश्रमात अशाच स्त्रियांसाठी त्यांनी वेगळा विभाग उघडला. त्याचे नाव कृपासदन.