थरांच्या काचा : चित्र की शिल्प?

काचेच्या मागच्या बाजूनं रंगवलेली देवादिकांची चित्रं जुन्या वाड्यांत अनेकांनी पाहिली असतील. अठराव्या शतकात ही कला चीनहून पश्चिम भारतात आली. तिच्यात क्रम उलटा: आधी डोळ्यातली बाहुली, मग चेहरा, शेवटी मागचा रंग. पण तिथं काच एकच.

एकामागे एक काचा रचून आकार उभा करायची रीत प्रयोगशाळेत आधी दिसते. १९४०च्या दशकात ऑक्सफर्डला पेनिसिलिनची रचना शोधताना इलेक्ट्रॉनांच्या घनतेचे नकाशे पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावांवर काढून ते एकावर एक ठेवले गेले. अणूंच्या जागा त्यातून दिसल्या.

कलेत ही रीत खरी बहरली ती या शतकात. बीजिंगचा एक चित्रकार चौदाएक काचांवर एकाच माणसाचे छेद रंगवतो आणि मध्ये फट ठेवून त्या उभ्या करतो. समोरून पाहिलं तर धुक्यात तरंगणारं, पिळवटलेलं शरीर दिसतं. दोन पावलं बाजूला सरकलं की ते फाटत जातं आणि अगदी कडेनं पाहिलं तर उरतात नुसत्या काचांच्या हिरवट कडा. प्रत्येक काच दोन्ही पृष्ठांवर थोडा प्रकाश परतवते, त्यामुळे चौदा काचा पार होईतो निम्म्याहून जास्त प्रकाश वाया जातो. म्हणून उजेडाची नीट सोय करावी लागते.

वाद आहे तो नावाचा. ब्रुकलिनच्या एका कलावंतानं आधी रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक राळेत, काम केलं, पण त्याच्या विषारी वाफांमुळे तो काचेकडे वळला. कात्रणं आणि रंग काचांच्या मध्ये चिकटवून त्यानं माणसाच्या उंचीच्या आकृती घडवल्या. एकेकीचं वजन सुमारे १,३५० किलो. २०१५मध्ये अशा १५ आकृती न्यूयॉर्कच्या एका बॅले नाट्यगृहात मांडल्या गेल्या. त्यांना सर्रास शिल्पं म्हटलं जातं. बीजिंगची कामं मात्र 'अवकाश-चित्रं', म्हणजे जागा व्यापणारी चित्रं, म्हणून ओळखली जातात, आणि मला तेच नाव नेमकं वाटतं. शिल्पाला पाठ असते, बगल असते. इथं बगलेत काहीच नाही. शिवाय प्रत्येक रेघ सपाट काचेवर, ब्रशनं किंवा पेन्सिलीनं ओढलेली. खोली घडते ती पाहणाऱ्याच्या डोळ्यात.

शिल्प हे नाव चिकटलं ते बहुधा वजनामुळे आणि दालनाच्या मधोमध मांडण्याच्या पद्धतीमुळे. १९१५ ते १९२३ या काळात न्यूयॉर्कमध्ये दोन मोठ्या काचांवर काम करणाऱ्या फ्रेंच कलावंतानं तर 'चित्र' हा शब्दही बाजूला ठेवला होता. 'काचेतला विलंब' म्हणा, असं त्यानं आपल्या टिपणांत लिहून ठेवलं.