‘तुझे बाबा अजून कसे आले नाहीत गं?’

दिवे लागले की आई विचारते, ‘तुझे बाबा अजून कसे आले नाहीत गं?’ बाबांना जाऊन सहा वर्षं झालेली असतात. पहिल्यांदा मुलगी खरं काय ते सांगते. आई कोसळते. ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणून रडते. अर्ध्या तासाने डोळे पुसते, दाराकडे बघते आणि विचारते, ‘तुझे बाबा अजून कसे आले नाहीत गं?’

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला किंवा वडिलांना सांभाळणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या वाट्याला असा एखादा प्रश्न येतोच. चौथ्या-पाचव्या खेपेला तोंडून निघतं, ‘अगं, आत्ताच सांगितलं ना!’ नेमक्या याच वाक्यात आपली गफलत असते. सांगितलेलं ती विसरली, असं आपण धरून चालतो. खरं तर ते बहुतेक वेळा नीट नोंदलंच गेलेलं नसतं. स्मृतिभ्रंशाच्या 60 ते 70 टक्के रुग्णांमध्ये मूळ आजार अल्झायमरचा असतो, आणि तो सुरुवातीलाच हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतच्या भागावर घाला घालतो. मेंदूचा हा भाग नव्या अनुभवाची टिकाऊ आठवण बनवतो. तिथेच बिघाड झाल्यावर ‘आठवून बघ’ म्हणण्याने काय साधणार? न लिहिलेल्या वहीची पानं उलटायला सांगण्यासारखंच ते.

जुन्या आठवणी त्यामानाने टिकतात. ताजं आधी जातं, जुनं उशिरा, हे निरीक्षण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी 1881 मध्येच मांडलं होतं. म्हणून आईच्या मनात संध्याकाळी कामावरून परतणारे बाबा शाबूत असतात आणि त्यांचं शेवटचं आजारपण पुसलं गेलेलं असतं. तिच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न अगदी रास्त आहे. रात्र व्हायला आली, माणूस घरी नाही.

मग आठवण गेली की तिच्यासोबत सगळंच जातं का? जिनिव्हातले डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी 1911 मध्ये एक प्रयोग नोंदवला. आज कुणी त्याला परवानगी देणार नाही. त्यांची एक रुग्ण रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही ओळखत नसे. तिचा आजार अल्झायमरचा नव्हता, पण नवी आठवण तिच्याकडेही टिकत नव्हती. एकदा क्लापारेद यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. पुढे त्यांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. टोचल्याचा प्रसंग तिच्या लेखी घडलाच नव्हता, पण हात सावध झाला होता.

शंभर वर्षांनी, 2014 मध्ये, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच गोष्ट टाचणीविना तपासली. अल्झायमरच्या 17 रुग्णांना त्यांनी सुमारे वीस मिनिटांची दुःखी दृश्यं दाखवली आणि वेगळ्या वेळी आनंदी दृश्यं. पाच मिनिटांनी काय पाहिलं ते विचारलं, तर रुग्णांना निरोगी माणसांच्या तुलनेत फारच थोडं सांगता आलं. एकाला तर आपण काही पाहिलं हेच आठवेना. मनातली भावना मात्र उतरली नव्हती. त्यातही अस्वस्थ करणारा भाग असा की ज्यांना दुःखी दृश्यं कमी आठवत होती, त्यांचं दुःख जास्त वेळ रेंगाळलं. दुःख आपल्याही मनात रेंगाळतं, पण आपल्याला कारण ठाऊक असतं. उदास का वाटतंय ते कळलं की मनाची समजूत घालता येते. कारणच हरवलं तर समजूत कशाची घालणार?

आता ती संध्याकाळ पुन्हा पाहा. मुलगी दर वेळी खरं सांगते. बातमी निसटते, बातमीने दिलेला घाव उरतो. आई रात्रभर बेचैन राहते आणि बेचैनी कशाची, ते तिलाही माहीत नसतं. ‘किती वेळा तेच तेच!’ या ओरडण्याचंही तसंच. शब्द जातात, आवाजातली धार राहते.

मग खोटं बोलायचं का? ‘येतीलच इतक्यात’ म्हणणं अनेकांना जड जातं, आणि मला त्यात चूक दिसत नाही. आईशी खोटं बोलू नये हे त्याच आईने शिकवलेलं असतं. पण खरं आणि खोटं यांच्यामध्ये बरीच जागा आहे. ‘बाबांची आठवण येतेय का? ते कामावरून आले की आधी काय करायचे गं?’ असं विचारता येतं. यात एकही शब्द खोटा नाही, आणि टिकून असलेल्या जुन्या आठवणींकडे आईचा हात धरून जाता येतं. दर वेळी जमेल असं नाही. काही संध्याकाळी काहीच चालत नाही.

चोरीचा आळ याहून जिव्हारी लागतो. वडिलांनी पाकीट उशीखाली ठेवलं, पण ठेवल्याची नोंद मेंदूत नाही. पाकीट जागेवर नाही, हे मात्र डोळ्यांना दिसतंय. आपली स्मरणशक्ती गेली आहे याची जाणीवही या आजारात अनेकदा हरपते, त्यामुळे ‘मीच कुठेतरी ठेवलं असेल’ ही शक्यता त्यांच्या हिशेबात येत नाही. उरतं एकच स्पष्टीकरण, कुणीतरी घेतलं. आणि चोवीस तास आजूबाजूला कोण असतं? सगळ्यात जास्त करणाऱ्यावरच आळ येतो, तो असा.

एक गोष्ट मात्र आजाराच्या खात्यावर टाकून देऊ नये. अल्झायमर महिन्या-वर्षांच्या चालीने वाढतो. कालपर्यंत बरं बोलणारे वडील एका दिवसात भ्रमिष्टासारखे वागू लागले, सारखे झोपेत राहू लागले, तर लघवीच्या मार्गातला संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध असं काहीतरी मागे असू शकतं. त्यावर उपचार असतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सांभाळणाऱ्याचं काय होतं, हेही मोजलं गेलं आहे, तेही अक्षरशः कातडीवर. 1995 मध्ये अमेरिकेत, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची देखभाल करणाऱ्या 13 स्त्रियांच्या हातावर एक छोटी, ठरावीक मापाची जखम करण्यात आली. त्यांच्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत ती भरून यायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ‘मला काय होतंय’ म्हणणाऱ्या मुलामुलींनी हा आकडा पाहावा.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी उलट बाजूने विचार केला: सांभाळणाऱ्यालाच आधार दिला तर? रुग्णाला सांभाळणाऱ्या 406 पती-पत्नींपैकी निम्म्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका, आधारगट आणि लागेल तेव्हा फोनवर सल्ला मिळाला. या गटातल्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सरासरी दीड वर्षाने पुढे गेली. त्या सहांपैकी चार बैठका सगळ्या कुटुंबासोबत होत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कारण मुलांच्या बाबतीत भावंडं असतात. दूर राहणारा भाऊ आठवड्यातून एकदा फोन करतो आणि म्हणतो, ‘आई तर छान बोलली की! तू उगाच टेन्शन घेतेस.’ तो खोटं बोलत नाही. ‘कसा आहेस, जेवलास का, तब्येतीला जप’ ही बोलणी आयुष्यभराच्या सवयीने जिभेवर बसलेली असतात. त्यांना नव्या आठवणीची गरज नसते, म्हणून आजार बराच पुढे जाईपर्यंत ती शाबूत राहतात. पाच मिनिटांच्या फोनला तेवढी पुरतात. त्या भावाला समजावत बसण्यापेक्षा चार दिवस राहायला बोलवावं आणि दिवे लागायच्या वेळी आपण फिरायला निघून जावं.