भागीदारी गृहबांधणी

गरजू कुटुंबासाठी, त्या कुटुंबालाच सोबत घेऊन, स्वयंसेवकांनी ना-नफा तत्त्वावर घर बांधण्याची पद्धत. घर फुकट मिळत नाही. ते मूळ खर्चात विकले जाते व किंमत दीर्घ मुदतीच्या बिनव्याजी हप्त्यांनी फेडली जाते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९६० च्या दशकाअखेरीस ती आकारास आली आणि ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेमुळे जगभर पोहोचली.

उगम : याबाबत मतभेद आहेत. काही जण तिचे मूळ अमेरिकेतील आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या सामुदायिक कोठार-उभारणीत शोधतात. मात्र तेथे श्रमाची फेड श्रमाने होते, कर्जाचा संबंध येत नाही. मंदीच्या काळातील स्वसाहाय्य वसाहती अधिक जवळच्या ठरतात : क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या सेवासमितीने बेकार कोळसा-खाणकामगारांसाठी १९३७ पासून वसवलेले पेनसिल्व्हेनियातील पेन-क्राफ्ट आणि कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या खाणकामगारांनी सहकारी तत्त्वावर १९३८ च्या सुमारास उभारलेले टॉम्पकिन्सव्हिल. पण तेथे बांधणारे मुख्यतः पुढे त्याच घरांत राहणारे होते.

जिमी कार्टर हे या चळवळीचे संस्थापक, हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. माजी राष्ट्राध्यक्ष कार्टर १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका पडक्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी स्वयंसेवकांसह गेले, तेव्हा संस्थेला आठ वर्षे झाली होती. संस्थेची स्थापना मिलर्ड फुलर (१९३५–२००९) व त्यांची पत्नी लिंडा यांनी १९७६ मध्ये अमेरिकस या गावी केली. मूळ योजना मात्र त्याआधीची, कोइनोनिया शेतवस्तीवरची. क्लॅरेन्स जॉर्डन (१९१२–६९) प्रभृतींनी १९४२ मध्ये वसवलेल्या या वस्तीत गोरे व कृष्णवर्णीय एकत्र राहत, म्हणून १९५० च्या दशकात आसपासच्या गोऱ्यांनी तिच्यावर बहिष्कार घातला होता. जॉर्डन व फुलर यांनी १९६८ मध्ये तेथे अर्ध्या एकराचे ४२ भूखंड आखले. पहिले घर पुरे होण्यापूर्वीच जॉर्डन निवर्तले. पुढे फुलर दांपत्याने १९७३ ते ७६ या काळात झाईरमधील (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) म्बंडाका येथे हीच योजना राबवून पाहिली. तेव्हा १९७६ हे संस्थेचे जन्मवर्ष. पद्धतीचा आरंभ १९६८ पासून मानणे अधिक सयुक्तिक.

अर्थव्यवहार : पद्धतीचा कणा हातोडा नसून फिरता निधी आहे. देणग्या व आधीच्या घरांचे हप्ते एकाच निधीत जमा होतात आणि त्यातून पुढचे घर उभे राहते. गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज न घेण्याचा बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाचा (२२:२५) आदेश हा त्याचा आधार. रोख रकमेखेरीज कुटुंबाने ‘श्रमभाग’ म्हणून ठरावीक तास स्वतःच्या व इतरांच्या घरांवर राबायचे असते. स्वस्तात मिळालेले घर लगेच बाजारभावाने विकले जाऊ नये, म्हणून अमेरिकेतील अनेक शाखा विक्री-किंमत व बाजारभाव यांतील फरकावर दुसरे गहाणखत करून ठेवतात, म्हणजे घर लवकर विकल्यास तो फरक शाखेला द्यावा लागतो. जमीन व साहित्य यांचा खर्च स्वयंसेवकांमुळे कमी होत नाही. केवळ मजुरी वाचते.

बांधकाम : अमेरिकेत लाकडी सांगाड्याचे घर सोयीचे पडते. भिंतीची चौकट जमिनीवर आडवी ठेवून ठोकायची आणि मग सर्वांनी मिळून उभी करायची, एवढे नवशिक्यालाही जमते; वीज व नळकाम मात्र परवानाधारक कारागीरच करतात. विटांच्या बांधकामात अशी सोय नसते. ओळंब्यात भिंत चढवणे हे गवंड्याचे काम. पाहुण्या स्वयंसेवकाच्या वाट्याला येते ते विटा वाहणे आणि मालाची घमेली हातोहात पुढे सरकवणे.

भारतात : हॅबिटॅटचे काम १९८३ मध्ये खम्मम (आता तेलंगणा) येथे सुरू झाले. महाराष्ट्रातील ठळक उपक्रम म्हणजे २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली परिसरात कार्टर दांपत्याच्या उपस्थितीत झालेली शंभर घरांची बांधणी. वृत्तपत्रांनी तेव्हा ब्रॅड पिट या अभिनेत्याच्या सहभागाची दखल अधिक घेतली.

संचालक मंडळाशी मतभेद होऊन २००५ मध्ये फुलर यांना संस्था सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी ‘फुलर सेंटर फॉर हाउसिंग’ ही वेगळी संस्था काढून तेच काम पुढे चालवले.