पार्श्वभूमी : सोसायटीच्या ठरावापासून आमदारकीपर्यंत

पुणे जिल्ह्यात कुणी आमदारकीचं तिकीट मागायला निघाला की जुने कार्यकर्ते आधी विचारतात, "सोसायट्या किती आहेत त्याच्याकडे?" भाषण कसं करतो, हे नंतर. सोसायट्या म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावोगावच्या सहकारी विकास सोसायट्या.

या प्रश्नामागे दोन कायदे आहेत. एक १९६० चा सहकारी संस्था अधिनियम. दुसरा जिल्हा परिषदांचा, १ मे १९६२ पासून लागू झालेला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीनुसार महाराष्ट्राने आमदार-खासदारांना झेडपीबाहेर ठेवलं. त्यामुळे बांधकाम, शिक्षण या समित्यांचे सभापती स्वतःच्या बळावर मोठे झाले आणि विद्यमान आमदाराला तालुक्यातच तोडीस तोड तयार होऊ लागला.

बाभळगावचे विलासराव देशमुख याच वाटेने गेले. पुण्यात गरवारे महाविद्यालय आणि आयएलएस लॉ कॉलेजात शिकून ते गावी परतले. आधी सरपंच, १९८० मध्ये आमदार, १९९९ मध्ये मुख्यमंत्री. मधे १९९५ ला लातुरात पडलेही. शरद पवारांनी मात्र खालच्या पायऱ्या गाळल्या आणि युवक काँग्रेसमधून १९६७ ला थेट बारामतीचे आमदार झाले. अर्थात त्या पायऱ्या घरातच होत्या : आई शारदाबाई १९३८ मध्येच पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या होत्या आणि वडील बारामतीच्या सहकारी संस्थेत होते.

सगळी मेख आहे ती गावच्या विकास सोसायटीत. संचालक साधारण १३ : ८ सर्वसाधारण कर्जदार, २ महिला, बाकी ३ राखीव. या सोसायट्यांना पैसा पुरवणाऱ्या जिल्हा सहकारी बँकेच्या निवडणुकीत तालुक्याच्या जागेसाठी सोसायटीला एकच मत, मग सभासद दोनशे असोत की दोन हजार. ते मत कुणी टाकायचं हे संचालकांच्या ठरावाने ठरतं. म्हणजे सात जण हाताशी असले की ठराव आपला. म्हणून बँकेच्या निवडणुकीआधी गावोगाव ठराव गोळा करण्याची धावपळ असते आणि एका गावातून दोन नावांचे दोन ठराव आले की प्रकरण सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे जातं. साखर कारखान्यात हे गणित चालत नाही. तिथे ऊस उत्पादक सभासद स्वतः मत देतो, म्हणून शेतात ऊसतोड वेळेवर आली का, यावर पॅनेल पडतात.

सोसायटीत माणसं बांधली जातात ती मार्चअखेर. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते. हातात पैसा नसतो. मग गावपुढारी चार-आठ दिवसांसाठी हातउसने उभे करून देतो, शेतकरी जुनं खातं भरतो, सोसायटीचा कारभार पाहणारा गटसचिव नवं कर्ज टाकतो, उसने परत जातात. याला 'नवं-जुनं' म्हणतात. कागदावर वसुली चोख. कर्ज मात्र आहे तिथेच. ज्याचं नवं-जुनं झालं नाही तो थकबाकीदार, आणि थकबाकीदाराचा संचालकपदाचा अर्ज छाननीतच उडतो. हे आमच्या मते ग्रामीण राजकारणातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ भांडवल आहे. लग्नाला हजेरी लावणं त्याच्या जवळपासही येत नाही.

ग्रामपंचायतीची पायरी डळमळीत झाली ती सरपंच निवडीमुळे. २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२ मध्ये परत थेट. थेट निवडून आलेला सरपंच आणि विरोधी पॅनेलचं बहुमत अशा गावांत साधं गटाराचं कामही मासिक सभेत अडकतं.

नवखे उमेदवार पडतात ते बहुतेक कागदावर. सरकारी जागेवरचं अतिक्रमण, २००१ नंतरचं तिसरं अपत्य, मुदतीत न दिलेलं जातवैधता प्रमाणपत्र. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. पडलेल्यालाही. तो "आता कशाला?" म्हणून घरी बसतो आणि पाच वर्षांपर्यंत अपात्र होऊन बसतो.

मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार राहिला. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण या मतदारसंघांतून वर यायची एक अख्खी फळी तेवढा काळ बिनपदाची राहिली. यातले बरेच जण वळले ते पुन्हा सोसायटीकडे, कारण मार्चअखेर तिथे दरवर्षी येतेच.