वळवाआधीचा झाडू

सांगलीत पाऊस तसा बेताचाच. कृष्णेला महापूर येतो तो वरच्या महाबळेश्वर-कोयनेकडच्या पाण्याने. पण रस्त्यावरची घाण नदीत नेऊन टाकायला महापूर लागत नाही, मे महिन्यातला अर्ध्या तासाचा वळीव पुरतो. दिवाळीपासून साचलेली माती, टायरची झीज, ब्रेक घासून पडलेली तांब्याची पूड, गळलेलं ऑइल, शेण, सगळं गटारातून नाल्यात आणि नाल्यातून कृष्णेत जातं.

मग रोज पहाटे फिरणाऱ्या खराट्यामुळे यातलं किती अडतं? झाडलेल्या आणि न झाडलेल्या रस्त्याची तुलना करायची तर दोन्हींवर सारखा पाऊस आणि सारखी रहदारी हवी. तसे दोन रस्ते मिळणं मुश्कील. म्हणून मॉडेल, म्हणजे संगणकावर मांडलेलं गणित, वापरायचं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं ‘एसडब्ल्यूएमएम’ (स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल, म्हणजे शहरातल्या पावसाच्या पाण्याचं मॉडेल) 1971 पासून वापरात आहे, आणि ते आजही फुकट मिळतं.

ते दोन गोष्टींचा हिशेब ठेवतं. कोरड्या दिवसांत रस्त्यावर किती धूळ साचली, आणि पावसाने त्यातली किती नेली. धूळ कायम वाढत जात नाही. सुरुवातीला भराभर साचते, मग वारा आणि गाड्या जेवढी आणतात तेवढीच बाजूला उडवतात, आणि आकडा एका पातळीवर थांबतो. झाडलोटीसाठी आणखी दोन आकडे लागतात: रस्त्यावरच्या किती धुळीपर्यंत झाडू पोचू शकतो, आणि पोचला तिथली किती उचलतो.

समजा, एका रस्त्यावर जास्तीत जास्त 100 किलो धूळ मावते आणि उरलेल्या रिकाम्या जागेपैकी 26 टक्के रोज भरते. उभ्या दुचाकी आणि हातगाड्या सोडून झाडू 70 टक्के धुळीपर्यंत पोचतो, त्यातली निम्मी उचलतो. म्हणजे एका झाडलोटीत 35 किलो गेली, 65 उरली. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर रस्त्यावर 74 किलो असतील. आठवड्याने आला तर 96. आठवड्यापूर्वीची झाडलोट नदीच्या दृष्टीने झालीच नाही! तोच रस्ता रोज झाडला तर धूळ 33 ते 50 किलोंच्या दरम्यान राहते. हे आकडे सांगलीचे नाहीत, उदाहरणापुरते घेतले आहेत. पण त्यातून दिसणारी गोष्ट इथल्या हवामानाला फार लागू पडते.

वर्षभर अधूनमधून पाऊस पडणाऱ्या शहरात कुठलीही झाडलोट कधी ना कधी उपयोगी पडते. आपल्याकडे महिनोन् महिने कोरडे जातात. जानेवारीतला झाडू डोळ्यांसाठी आणि फुप्फुसांसाठी हवाच, पण नदीच्या जमाखर्चात तो जवळजवळ दिसत नाही. एप्रिलच्या शेवटापासून मात्र प्रत्येक दिवस मोजला जातो. माझ्या मते जादा माणसं आणि यंत्रं लावायचीच असतील, तर ती याच काळात लावावीत. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात पानगळीच्या दिवसांत पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलली, तेव्हा वाहत्या पाण्यातला फॉस्फरस 84 टक्क्यांनी घटला. तिथेही पावसाच्या आधी उचलणं महत्त्वाचं ठरलं.

पण किती किलो उचललं यावर हुरळून जाऊ नये. 1972 साली सार्टर आणि बॉइड यांनी अमेरिकी शहरांतली धूळ चाळून पाहिली. 43 मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे दळलेल्या हळदीहूनही बारीक कण एकूण वजनाच्या जेमतेम 6 टक्के होते. पण जड धातूंपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्यासोबत होते. तेव्हाची ब्रशची यंत्रं एकूण धुळीतली निम्मी उचलत, या बारीक कणांतली मात्र 15 टक्केच. ट्रॉली भरायची, विष रस्त्यावर राहायचं. 1983 मध्ये अमेरिकेच्या देशव्यापी पाहणीने तर निष्कर्ष काढला की रस्ते झाडून पावसाच्या पाण्याचा दर्जा फारसा सुधारत नाही. पुढे हवेने ओढून घेणारी यंत्रं आली आणि बारीक धूळही बरीच हाती लागू लागली.

आपला खराटा या बाबतीत कमीच पडतो. मोठा कचरा तो नीट गोळा करतो, बारीक धूळ उडवतो. शिवाय लोटलेला ढीग घंटागाडी येईपर्यंत गटाराच्या काठावरच असेल, किंवा थेट गटारात गेला असेल, तर मॉडेलमध्ये ती सफाई शून्य धरावी लागते. नालेसफाईत काढून काठावर ठेवलेल्या गाळाचंही तेच.

आणखी एक बाजू सांगायलाच हवी. शेरी नाल्यातून कृष्णेत जाणारं सांडपाणी हा सांगलीचा जुना आणि मोठा प्रश्न आहे, तो झाडूने सुटणारा नाही. रस्त्यावरची धूळ त्याच्यापुढे दुय्यम आहे. मात्र धातू आणि टायरची भुकटी मुख्यतः रस्त्यावरूनच येते, आणि वळवाच्या पहिल्या लोंढ्यात ती एकदम उतरते. एसडब्ल्यूएमएमच्या जुन्या आवृत्तीत तर गृहीतच धरलं होतं की तासाभरात सुमारे 13 मिलिमीटर पाणी वाहून गेलं की 90 टक्के धूळ धुऊन निघते.

सांगलीचे खरे आकडे मिळवायला मोठा निधी लागणार नाही. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात जमेल असं काम आहे. विश्रामबागेतला एक आणि गणपती पेठेतला एक तुकडा निवडायचा. झाडण्याआधी आणि नंतर कडेचा मीटरभर पट्टा व्हॅक्यूमने ओढून धूळ चाळायची, वजन करायची. वळीव सुरू झाला की गटाराच्या तोंडाशी दर पाच मिनिटांनी एक बाटली भरायची. खराट्याचा उचलण्याचा आकडा 0.5 (म्हणजे निम्मी धूळ) आहे की 0.15 (म्हणजे 15 टक्केच), हे त्यातून कळेल. ओढून घेणारं यंत्र घ्यायचं की नाही, याचा निर्णय त्या आकड्यावर घेता येईल.