जीएसटी प्रॅक्टिशनरच्या यादीत नाव कुठून येतं, आणि अर्ज कुठे अडतो

जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही राज्य आणि जिल्हा निवडून जवळपासचे जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे करदात्याच्या वतीने जीएसटी रिटर्न भरून देणारे नोंदणीकृत लोक, शोधता येतात. ही यादी कुणी अधिकारी फिरून तयार करत नाही. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम ८३ खाली पीसीटी-०१ हा अर्ज भरायचा, पीसीटी-०२ हे प्रमाणपत्र मिळालं की अर्जात लिहिलेलाच तपशील यादीत जातो. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात बसणाऱ्याने व्यवसायाचा पत्ता म्हणून मांजलपूरचं घर लिहिलं, तर गिऱ्हाईक त्याला मांजलपूरलाच शोधणार.

सीए, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि वकील यांना केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ११६ खाली करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यापुढे हजर राहण्याचा वेगळा हक्क आहे. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे माणूस खोटा, असं समजू नका.

पात्रतेत भारतीय नागरिकत्व आणि वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी हा नेहमीचा मार्ग. सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरीची अंतिम परीक्षा उत्तीर्ण असली तरी चालतं. निवृत्त कर अधिकाऱ्यांसाठी वेगळी अट आहे. नुसत्या बी.एस्सी.वर अर्ज करू नका, हिशेबाचा अनुभव कितीही असो. नोंदणीला सरकारी शुल्क नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते नावाशी. पॅनवरचं नाव अर्जात जसंच्या तसं लागतं, आणि आपल्याकडे पदवीवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. लग्न झालेल्या बायकांचं तर पदवीवर माहेरचं आडनाव आणि पॅनवर सासरचं. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र पदवीसोबत एकाच फाइलमध्ये जोडा. हा कागद बहुतेकींकडे नसतो. लग्नाच्या वेळी नोंदणी केलेली नसते, ती आता महानगरपालिकेत करावी लागते. अधिकाऱ्याने दोन आडनावांचा मेळ स्वतःहून लावावा ही अपेक्षा रास्त आहे, पण तिच्यावर विसंबू नका.

दुसरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. जुन्या वाड्यात वीजबिल आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. बिल आधी आपल्या नावावर करून घ्या, किंवा सध्याच्या मालकाकडून संमतिपत्र आणि त्याच्या नावाचा मालमत्ता कराचा कागद घ्या.

मुदतीचा घोळही इथूनच होतो. अर्जाचे दोन भाग आहेत; भाग अ भरला की तात्पुरता क्रमांक मिळतो, तो १५ दिवस चालतो. हे १५ दिवस कार्यालयाचे नव्हेत, तुमचे आहेत: तेवढ्यात भाग ब पूर्ण करून सही व्हायला हवी. नाहीतर भरलेलं सगळं जातं. म्हणून दाखला, पुरावा आणि १०० केबीच्या आतला जेपीईजी फोटो हातात आल्यावरच भाग अ उघडा.

सही ई-साइनने, म्हणजे आधारच्या ओटीपीवर, करायची असेल तर आधारला मोबाईल जोडलेला हवा.

एक कळकळीची विनंती. मोबाईल आणि ईमेल सायबर कॅफेवाल्याचे किंवा भावाचे टाकू नका. ओटीपी तिथेच जातात, आणि गिऱ्हाइकाचा फोनही.

एकदा गुजरातेत नोंदणी झाली की ती देशभर चालते, इंदूरच्या मामांचं रिटर्नही भरता येतं. मात्र करदात्याने पीसीटी-०५ या फॉर्मने तुम्हाला नेमायला हवं, आणि रिटर्नमधल्या आकड्यांची जबाबदारी कलम ४८ प्रमाणे त्याचीच राहते, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. प्रमाणपत्र आल्यावर स्वतःचं नाव यादीत एकदा शोधून पाहा, पिनकोडसकट.