थर्मामीटर नॉर्मल दाखवतो म्हणून वाफा खोट्या ठरत नाहीत

पाळी जायच्या वयात बाईच्या अंगातून अचानक वाफा निघायला लागतात, चेहरा-मान लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, पंखा फुल स्पीडवर असला तरी कपडे चिंब, आणि मग घरातलं कोणीतरी काळजीपोटी थर्मामीटर आणतं. त्यात येतं ९८.६, कधीकधी त्याच्याही खाली. झालं, निकाल लागला! ताप नाही म्हणजे काही नाही, टेन्शन फार घेतेस तू, जरा मन रमव कशाततरी. मला या निकालाची भयंकर चीड येते, कारण तो थर्मामीटर तिच्या विरुद्ध नाही तर तिच्याच बाजूने साक्ष देत असतो. वाफ येऊन गेल्यावर शरीराच्या आतलं टेम्परेचर खरोखरच उतरलेलं असतं, आणि ते तसंच असायला पाहिजे.

शाळेतलं जीवशास्त्र आठवा. आपलं शरीर ३७ डिग्री सेल्सियसच्या आसपास ठेवायचं काम मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस करतो. त्याने दोन मर्यादा आखलेल्या असतात. टेम्परेचर वरच्या मर्यादेपलीकडे गेलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडा आणि घाम सोडा, खालच्या मर्यादेखाली गेलं की रक्तवाहिन्या आकसा आणि थरथर सुरू करा. या दोन्हींच्या मध्ये थोडी सैल जागा असते, तिथे शरीर काहीच धावपळ करत नाही. एसीचा थर्मोस्टॅट जसा अर्धा-एक डिग्री इकडेतिकडे झालं तरी गप्प बसतो तसंच.

अमेरिकेतल्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीचे रॉबर्ट फ्रीडमन यांनी १९९० च्या दशकात ही सैल जागा मोजायचं ठरवलं. त्यासाठी बायकांना गिळायला दिली एक छोटी कॅप्सूल, जिच्यात टेम्परेचर मोजून रेडिओने बाहेर कळवणारं यंत्र होतं. काखेत किंवा तोंडात थर्मामीटर धरून हे कळणारच नाही कारण आपण जो फरक शोधतोय तो डिग्रीच्या दहाव्या भागांचा आहे. मग त्या बायकांना हळूहळू गरम केलं, हळूहळू थंड केलं, घाम कधी फुटतो आणि थरथर कधी सुरू होते ते बघितलं. ज्यांची पाळी गेली होती पण वाफा येत नव्हत्या त्यांच्यात सैल जागा निघाली ०.४ डिग्री. आणि ज्यांना वाफा येत होत्या त्यांच्यात? शून्य. म्हणजे जवळजवळ काही उरलंच नाही, घामाची मर्यादा आणि थरथरीची मर्यादा एकमेकींना येऊन चिकटल्या. आता जिना चढलं, गरम काही प्यायलं, रागावलं, पांघरूण ओढलं, की आतलं टेम्परेचर जे किंचित वर सरकतं (आणि ते दिवसभर सगळ्यांचंच सरकत असतं) तेवढ्यानेच मेंदू समजतो आग लागली.

पुढची दोन-तीन मिनिटं जवळून बघण्यासारखी असतात. आधी बोटांमधला रक्तप्रवाह वाढतो, बोटं गरम होतात, मग चेहरा आणि छातीचा वरचा भाग. नाडी मिनिटाला सात ते पंधरा ठोक्यांनी वाढते, म्हणून धडधडतं आणि कित्येकजणींना वाटतं हार्टचं काही झालं की काय. मग घाम. एक ग्रॅम घाम सुकताना शरीरातून साधारण २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो, त्यामुळे घाम हा गारव्याचा जबरदस्त मार्ग आहे, फक्त तो सुकला पाहिजे, दमट हवेत नुसता टपकला तर कपडे तेवढे भिजतात आणि फायदा फार होत नाही. आता गंमत अशी की खरी आग लागलेलीच नव्हती. जादा उष्णता नसताना शरीराने एवढी सगळी फेकून दिली, म्हणून आतलं टेम्परेचर खाली येतं, आणि वाफ ओसरल्यावर हुडहुडी भरते. पांघरूण फेकायचं, मग परत ओढायचं, असं रात्रभर चालतं ते यामुळे. आणि थर्मामीटर ९८.६ च्या खाली दाखवतो तोही यामुळेच.

बरं मग सैल जागा गेली कुठे? इथे सगळे एका वाक्यात उत्तर देतात की इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारं बाईचं हार्मोन, कमी झालं म्हणून. हे अर्धंच उत्तर आहे. आठ वर्षांच्या मुलीच्या रक्तात इस्ट्रोजेन कमीच असतं, तिला येतात का वाफा? टर्नर सिंड्रोम (अंडाशयं नीट काम करत नाहीत असा जन्मजात दोष) असलेल्या ज्या मुलींच्या अंगात इस्ट्रोजेन जवळजवळ बनतच नाही त्यांनाही येत नाहीत, पण त्यांना इस्ट्रोजेन औषध म्हणून देऊन नंतर बंद केलं की येतात. म्हणजे प्रश्न नुसतं नसण्याचा नाही, असून मग काढून घेण्याचा आहे. मेंदूला सवय लागलेली असते.

आता माझा आवडता भाग, जरा किचकट आहे पण दम धरा. १९७९ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की रक्तात एलएच नावाच्या हार्मोनचा झटका येतो तेव्हाच वाफही येते, दोन्ही जोडीने. मग साहजिकच वाटलं एलएच हाच चोर. पण ज्यांची पिट्युटरी ग्रंथीच काढून टाकलेली आहे, म्हणजे एलएच बनवायची जागाच नाही, अशा बायकांनाही वाफा येतात! म्हणजे चोर त्याच्याही वर बसलाय, एकच कोणीतरी जो एका हाताने एलएचचा झटका सोडतो आणि दुसऱ्या हाताने टेम्परेचरच्या केंद्राला हलवतो.

तो सापडला वेगळ्याच वाटेने. अॅरिझोना युनिव्हर्सिटीच्या नाओमी रान्स या मेंदूविकृतीतज्ज्ञ मृत्यूनंतरचे मेंदू मायक्रोस्कोपखाली बघत होत्या, आणि १९९० च्या सुमाराला त्यांना दिसलं की पाळी गेलेल्या बायकांच्या हायपोथॅलॅमसमधल्या एका छोट्या ठिकाणी काही न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या मज्जापेशी, फुगून चांगले मोठे झालेत. वय झाल्यावर मेंदूतल्या पेशी आकसतील असं आपल्याला वाटतं, इथे उलटंच. या फुगलेल्या पेशींवर इस्ट्रोजेन ओळखणारे रिसेप्टर होते आणि त्या न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन धडाधड बनवत होत्या. पुढे कळलं की याच पेशी किसपेप्टिन आणि डायनॉर्फिन अशी आणखी दोन रसायनंही बनवतात, तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (के, एन, डीवाय) त्यांना आता कँडी न्यूरॉन म्हणतात. न्यूरोकायनिन बी म्हणजे अॅक्सिलरेटर, शेजारच्या कँडी पेशींना पेटवणारं, डायनॉर्फिन म्हणजे ब्रेक, आणि किसपेप्टिन पुढे निरोप देतं की एलएचचा झटका सोडा. आयुष्यभर इस्ट्रोजेन या सगळ्यांना दाबून धरतं. इस्ट्रोजेन गेलं की दाब गेला, पेशी फुगतात, न्यूरोकायनिन बी वाढतं, आणि या पेशींचे जे तंतू हायपोथॅलॅमसच्या पुढच्या बाजूला टेम्परेचरच्या केंद्रापर्यंत पोचतात तिथेही तोच आरडाओरडा सुरू होतो. तिथल्या पेशींवर न्यूरोकायनिन बी ज्या कुलपात बसतं त्याचं नाव एनके-३ रिसेप्टर. उंदरांची शेपटी उष्णता बाहेर टाकायचं काम करते, तर रान्स यांच्या ग्रुपने मादी उंदरांमधल्या फक्त कँडी पेशी मारल्या आणि शेपटीच्या त्वचेचं टेम्परेचर खाली आलं, म्हणजे उष्णता बाहेर टाकायचा उत्साह मावळला.

माणसातला पुरावा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून आला. वलजीत ढिल्लो यांच्या टीमने २०१५ मध्ये दाखवलं की पाळी चालू असलेल्या निरोगी तरुण बायकांना शिरेतून न्यूरोकायनिन बी दिलं तर त्यांनाही वाफा येतात. मग उलट प्रयोग, एनके-३ रिसेप्टर बंद करणारी गोळी द्यायची. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या छोट्या ट्रायलमध्ये खोट्या गोळीवर (दिसायला तशीच, पण आत औषध नाही) आठवड्याला सरासरी ४९ वाफा आणि खऱ्या गोळीवर १९. ती विशिष्ट गोळी लिव्हरला त्रास होतो म्हणून मागे पडली, पण त्याच जातीचं फेझोलिनेटंट मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि एलिन्झानेटंट २०२५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत. यातल्या एकातही हार्मोन नाही. फेझोलिनेटंटवर २०२४ च्या डिसेंबरात लिव्हरबद्दल कडक इशारा छापला गेला, त्यामुळे ते सुरू करण्याआधी आणि नंतरही काही महिने रक्ततपासण्या कराव्याच लागतात. नवीन आहे म्हणून निर्धोक आहे असं नाही.

हे सगळं कळल्यावर ‘अंगातली उष्णता खेचून घेणारं’ चुंबक, अमुक रंगाचा खडा, किंवा सात दिवसात हार्मोन बॅलन्स करणारी पावडर यांच्या जाहिराती बघा. चुंबकाला कँडी न्यूरॉन कुठे असतात तेही माहीत नाही हो. तरी मैत्रीण शपथेवर सांगते की मला फरक पडला, आणि ती खोटं बोलत नसते. ट्रायलमध्ये नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांच्याही वाफा बऱ्यापैकी कमी होतात, कधी पाव भाग तर कधी निम्म्या. शिवाय वाफा आपल्या आपणही कमीजास्त होतात, आणि आपण उपाय करतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, त्यानंतर बरं वाटणारच. म्हणूनच सोया, ब्लॅक कोहोश नावाची वनस्पती, प्रिमरोझ तेल यांची खोट्या गोळीशी तुलना केली की फुगा फुटतो. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनशिवायच्या उपायांचा आढावा घेतला, त्यात हे सगळं ‘शिफारस नाही’च्या रांगेत आहे. त्याच रांगेत व्यायाम, योगा आणि मंद श्वासाचे प्रकार पण आहेत, हे अनेकांना झोंबतं. करा ना, हाडांसाठी करा, झोपेसाठी करा, मूडसाठी करा, फक्त वाफा जातील म्हणून करू नका आणि गेल्या नाहीत तर स्वतःला दोष देऊ नका.

मग करायचं काय? सगळ्यात जास्त गुण येणारा उपाय अजूनही इस्ट्रोजेनच, वाफांची संख्या साधारण पाऊण भागाने कमी होते. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध लागतंच, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. लोक हार्मोनला जे घाबरतात ते २००२ च्या डब्ल्यूएचआय या मोठ्या ट्रायलमुळे. तिच्यात दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला ८ जणींना जास्तीचा ब्रेस्ट कॅन्सर दिसला, हे खरंच आहे, पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि वाफांनी हैराण झालेली बाई बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपासची असते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर हिशेब बराच वेगळा असतो, आणि त्वचेवर लावायच्या पॅच किंवा जेलने रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला असेल, गुठळी किंवा स्ट्रोक झालेला असेल, तर सहसा नाहीच.

ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी डिप्रेशनवरच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये चालतात, पॅरॉक्सेटीन ७.५ मिलिग्रॅम तर अमेरिकेत २०१३ पासून खास यासाठीच मंजूर आहे. पण टॅमॉक्सिफेन हे ब्रेस्ट कॅन्सरवरचं औषध चालू असेल तर पॅरॉक्सेटीन नको, ते लिव्हरमधलं जे एन्झाइम अडवतं तेच टॅमॉक्सिफेनला कामाच्या रूपात आणत असतं. रात्रीच्या वाफांना गॅबापेंटिन, अति घाम असेल तर ऑक्सिब्युटिनिन, पण तोंड कोरडं पडतं आणि वय जास्त असेल तर विसरभोळेपणा वाढू शकतो. सीबीटी म्हणजे विचारांवर काम करणारी थेरपी, लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या मायरा हंटर यांनी त्यावर बरंच काम केलंय. त्याने वाफांची संख्या फारशी बदलत नाही पण त्यांचा जाच कमी होतो, भर मीटिंगमध्ये वाफ आली की ‘सगळे माझ्याकडेच बघतायत’ हा जो दुसरा भडका उडतो तो आटोक्यात येतो. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने फायदा दिसलाय.

खोली गार ठेवणं, एकावर एक पातळ कपडे, उशाशी पाणी, यांना मोठमोठ्या ट्रायलचं पाठबळ नाही पण फ्रीडमनच्या त्या शून्य डिग्रीचा विचार केला तर अर्थ लागतो. आतलं टेम्परेचर जितकं कमी वर सरकेल तितकं बरं, आणि गार खोलीत वाफा कमी येतात, सौम्य येतात असं प्रयोगात दिसलेलं पण आहे. सहा महिन्यात संपेल म्हणून दात-ओठ खात बसू नका मात्र. अमेरिकेतल्या स्वान नावाच्या दीर्घ अभ्यासात त्रास सरासरी ७.४ वर्षं चालला, आणि ज्यांना पाळी चालू असतानाच वाफा सुरू झाल्या त्यांना अकरा वर्षांहूनही जास्त.

आणि प्रत्येक घाम मेनोपॉजचा नसतो. थायरॉइड वाढलेला असला तरी असाच घाम आणि धडधड होते, टीबीमध्ये रात्री घाम येतो, काही औषधांनीही येतो. सोबत ताप, घटणारं वजन, गाठ, सतत खोकला यातलं काही असेल, किंवा पाळी वर्षभर बंद राहून परत रक्तस्राव झाला, तर वयाचं आहे म्हणून सोडून न देता तपासून घ्यायचं. इथे मात्र थर्मामीटर जरूर लावा, आणि सलग चार-पाच संध्याकाळी ताप दिसला तर ते आकडे लिहूनच डॉक्टरकडे न्या.